तीन वाटांनी आलेलं ज्येष्ठमध: कोरड्या खोकल्यावरच्या एका चिनी काढ्याचं प्रकरण

काकू ६६ वर्षांच्या, पुण्याच्या. डिसेंबरात तोक्योच्या निशी-कासाई भागात मुलाकडे तीन महिन्यांसाठी राहायला आल्या. रक्तदाब बऱ्याच वर्षांपासूनचा, पण गोळीने आटोक्यात. मधुमेह नाही, दमा नाही, घरात कुणाला क्षय झालेला नाही. अंगाने किरकोळ. सामानात नेहमीचा घरगुती बटवा: सुंठ, लवंग, हळद, आडुळशाचं सिरप, ज्येष्ठमधाच्या कांड्या आणि पूड. जानेवारीच्या मध्यात सर्दी झाली. ती आठवड्याभरात ओसरली, खोकला मात्र मागे राहिला.

या काकू कुणी एक खरी व्यक्ती नाहीत, हे आधीच सांगतो. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठांचं जे होऊ शकतं आणि ज्येष्ठमधाच्या दुष्परिणामांचं जे वर्णन वैद्यकात आहे, ते एका रुग्णात गुंफलं आहे. औषधं, त्यांची प्रमाणं, नियम आणि शरीरातली क्रिया मात्र खरी आहे.

खोकला आणि तपासणी

खोकला कसा होता हे नीट लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरलं. आधी घशात कोरडी खवखव, मग उबळीमागून उबळ, चेहरा लाल होईपर्यंत. शेवटी चिकट कफाचा बारीकसा तुकडा सुटला तर सुटला, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. रात्री आडवं झाल्यावर आणि फोनवर बोलायला लागल्यावर त्रास जास्त. ताप नाही, छातीत घरघर नाही, वजन घटलेलं नाही, थुंकीत रक्त नाही. तोक्योचा हिवाळा कोरडा असतो. आकाश निरभ्र, हवेत ओल कमी, आणि घरात दिवसभर गरम हवेचा एसी. ओठ फुटले होते, जीभ लालसर आणि कोरडी होती.

सर्दीच्या पहिल्या दिवसांत मुलाने औषधांच्या दुकानातून काक्कोन्तो आणून दिलं होतं. सर्दीच्या सुरुवातीला घ्यायचं हे जपानमधलं अगदी घरोघरचं औषध, तेही मूळचं चिनी. चार दिवस घेऊन ते बंद केलं. मग काकूंनी आपला काढा सुरू केला: सुंठ, लवंग, आणि सकाळ-संध्याकाळ चमचाभर ज्येष्ठमध पूड. शिवाय दिवसभर तोंडात कांडी. घशाला खरंच आराम पडायचा, म्हणून तो चालूच राहिला.

तिसरा आठवडा संपताना मुलगा त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न खोकल्याबद्दल नव्हता, रक्तदाबाच्या गोळीबद्दल होता, आणि तो अगदी योग्य होता. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही लोकांना असाच कोरडा खोकला लागतो आणि गोळी बदलेपर्यंत तो कुठल्याही सिरपने जात नाही. कित्येक घरांमध्ये महिनोन् महिने काढे चालू असतात आणि कारण गोळ्यांच्या डबीत बसलेलं असतं. मुलाने सांगितलं, टेल्मिसार्टन. ती त्या गटातली नाही. छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. भारतातून आलेल्या आणि तीन आठवडे खोकणाऱ्या व्यक्तीचा एक्स-रे काढायलाच हवा, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. निदान झालं: विषाणूसंसर्गानंतर रेंगाळलेला खोकला. हा तीन ते आठ आठवडे टिकू शकतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. आठ आठवड्यांपुढे गेला तर नव्याने शोध घ्यायचा.

मुलाचं उत्तर अर्धंच होतं. काकूंच्या गोळीच्या पाकिटावर नावाच्या शेवटी एक 'एच' होता. त्या एकाच गोळीत टेल्मिसार्टनच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारं औषध होतं. भारतात अशा जोडगोळ्या सर्रास चालतात. मुलाला ते ठाऊक नव्हतं, आणि पाकीट घरी होतं.

डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी एक दाणेदार औषध लिहून दिलं. जपानीत त्याचं नाव बाकुमोन्दोतो, चिनीत मायमनदोंग तांग.

काढा काय आहे

हे औषध सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचं. हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या 'जिनग्वेई याओलुए' या ग्रंथातलं. हा ग्रंथ बराच काळ लुप्तच होता. अकराव्या शतकात सोंग राजवटीच्या काळात राजग्रंथालयात किडीने खाल्लेली एक प्रत सापडली आणि दरबारी वैद्यांनी ती संपादून काढली. आज जे वाचतात ते त्या संपादनातून आलेलं आहे. फुप्फुसाच्या विकारांच्या प्रकरणात या काढ्यासाठी अगदी थोडे शब्द आहेत: श्वास उलटा वर उसळतो, घसा मोकळा वाटत नाही, ती उसळी थांबवून खाली आणायची. त्यात 'खोकला' हा शब्दसुद्धा नाही. काकूंची उबळ ज्याने पाहिली असेल त्याला हे वर्णन पटेल.

घटक सहा. मायमनदोंग, म्हणजे ऑफिओपोगॉन या गवतासारख्या झाडाची छोटी, पांढुरकी, मांसल मुळं. सिचुआन आणि झेजियांग हे प्रांत त्यासाठी प्रसिद्ध. बानश्या नावाचा कंद. जिनसेंग. ज्येष्ठमध. बारा लाल बोरं. आणि साधा तांदूळ. पाणी घालायचं एक दोउ दोन शंग, म्हणजे आजच्या मापात जवळजवळ अडीच लिटर. ते आटवून निम्मं करायचं. मग कोमट असताना वाटी-वाटी, दिवसा तीनदा आणि रात्री एकदा. रात्रीची ती एक मात्रा मुद्दाम सांगितली आहे, याचं मला फार कौतुक वाटतं. असा खोकला रात्री छळतो हे लिहिणाऱ्याने बघितलेलं होतं.

सगळी करामत पहिल्या दोन घटकांच्या प्रमाणात आहे. मायमनदोंग सात शंग, बानश्या एक शंग. मायमनदोंग थंड, ओलावा देणारं, पण एकटंच दिलं तर जड, पचायला अवघड. बानश्याचा गुण बरोबर उलटा: उष्ण, कोरडं करणारं, कफ आणि उसळी खाली उतरवणारं. कच्चं खाल्लं तर घसा टोचतो, म्हणून चीनमध्ये ते आलं, तुरटी किंवा चुन्यात संस्कारून वापरतात. कोरड्या खोकल्यात कोरडं करणारं औषध कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण सातास एक या मापात त्याची कोरडं करण्याची ताकद बुडून जाते, खाली आणण्याची तेवढी उरते, आणि मायमनदोंगचा जडपणाही ते हलका करतं. उरलेले चार घटक, जिनसेंग, ज्येष्ठमध, बोरं आणि तांदूळ, हे पोटासाठी आहेत. चिनी वैद्यकात पचनसंस्था ही फुप्फुसाची आई मानतात. लेकराला ओलावा हवा असेल तर आधी आईला जेवू घालायचं, असा तो विचार. आजारी माणसाला पेज देणाऱ्या आपल्या घरांना तांदळाचं नवल वाटणार नाही.

म्हणून हा काढा कुठल्याही खोकल्याचा नाही. भरपूर, पातळ, पांढरा कफ पडत असेल, सर्दीचा पहिला भर असेल, ताप चढत असेल, तर तो देत नाहीत. काकूंचं चित्र मात्र मूळ वर्णनाशी जुळत होतं: कोरडा घसा, चिकट कफ, उसळणारी उबळ, लाल जीभ.

जपानमध्ये हा काढा आज उकळावा लागत नाही. १९७६ पासून अशा जुन्या औषधांचे अर्क सरकारी आरोग्य विम्यात मोठ्या प्रमाणावर आले, आणि साधे, आधुनिक पद्धतीचे डॉक्टरच ते लिहून देतात. नेहमीच्या अर्काची दिवसाची मात्रा ९ ग्रॅम, दोन किंवा तीन भागांत, जेवणाआधी किंवा दोन जेवणांच्या मध्ये. ती बनते १० ग्रॅम मायमनदोंग, ५ ग्रॅम तांदूळ, ५ ग्रॅम बानश्या, ३ ग्रॅम बोरं, २ ग्रॅम जिनसेंग आणि २ ग्रॅम ज्येष्ठमध यांच्यापासून. म्हणजे सातास एक हे प्रमाण इथे वजनाने दोनास एक झालं आहे. मूळ माप आकारमानाचं होतं, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करता येत नाही, तरी जपानी परंपरेचा हात इथे दिसतो.

पुरावा किती, हेही बघायला हवं. संसर्गानंतरच्या खोकल्यावर २०११ मध्ये जपानमध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात रुग्ण फक्त १९. श्वासनलिका रुंदावणारं औषध दोन्ही गटांना होतं, एका गटाला जोडीला बाकुमोन्दोतो. सुरुवातीच्या दिवसांत त्या गटाचा खोकला लवकर उतरला. एवढ्या थोड्या माणसांवरून मोठी घोषणा करता येत नाही. गिनीपिगांवरच्या प्रयोगांत, श्वासनलिका सुजलेली असताना, हा अर्क खोकला कमी करतो असं दिसलं. माझं मत असं: जो खोकला बहुधा आपोआपच जाणार आहे, तो चार दिवस आधी हलका करणारं हे औषध आहे. ज्याची रात्रीची झोप उडाली आहे त्याच्यासाठी चार दिवस थोडे नसतात.

पुढे काय झालं

पाचव्या दिवसापासून काकूंना रात्री सलग झोप लागू लागली. दोन आठवड्यांत उबळी तुरळक झाल्या. इथपर्यंत सगळं छान होतं.

औषध संपलं. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला जपानचा आरोग्य विमा नसतो, डॉक्टरांचे पूर्ण पैसे भरावे लागतात. आणि हेच औषध दुकानातही चिठ्ठीशिवाय मिळतं. मुलाने तिथून आणलं, आणि 'वनस्पतींचंच तर आहे' म्हणून ते पुढे चालू राहिलं. घरचा काढाही चालू, कांडीही चालू. डॉक्टरांना काढ्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी 'काही औषधं घेता का' असं विचारलं होतं आणि काकूंच्या लेखी ज्येष्ठमध हे औषध नव्हतंच.

फेब्रुवारीच्या अखेरीस पाय जड वाटू लागले. संध्याकाळी घोट्यांवर सूज. जिना चढताना मांड्यांत जोर नाही. घरच्या यंत्रावर रक्तदाब १७२ वर ९६, एरवी १३० च्या आसपास असायचा. सूनबाईंना वाटलं, आईंचं मीठ वाढलं असेल, लोणची बंद करू. मग रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. शेजारच्या मराठी कुटुंबातल्या एका ताईंनी आपुलकीने सांगितलं, "काकू, पायाच्या गोळ्यांवर इथे एक फार गुणकारी चूर्ण मिळतं, माझ्या सासूबाईंना एका पुडीत आराम पडला."

ते चूर्ण म्हणजे शाकुयाकु-कान्झोतो. ताईंनी सांगितलं ते खोटं नव्हतं, ते खरोखर पोटऱ्यांच्या गोळ्यांवरचं औषध आहे. पण त्यात घटक दोनच, आणि दिवसाच्या पूर्ण मात्रेत ज्येष्ठमध ६ ग्रॅम.

दुकानातल्या औषधतज्ज्ञ बाईंनी ते द्यायच्या आधी विचारलं, सध्या आणखी काय चालू आहे, आणि खाण्यापिण्यात काही वनस्पती? जपानमध्ये बऱ्याच जणांकडे औषधांची एक छोटी वही असते, औषध घेतलं की त्यात नोंद होते. काकूंकडे ती नव्हती. मुलाने फोनमधले फोटो दाखवले: बाकुमोन्दोतोचं खोकं, गोळीचं पाकीट, आणि काढ्याच्या डब्यातल्या कांड्या. कांडी बाईंनी फोटोवरूनच ओळखली. चूर्ण दिलं नाही. आजच्या आज रक्ततपासणी करा, असं सांगितलं.

पोटॅशियम २.७ निघालं. खालची मर्यादा साधारण ३.५ असते. हृदयाच्या आलेखात त्या कमतरतेच्या खुणा, स्नायूंना इजा झाल्याचं दाखवणारं सीके वाढलेलं. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन, म्हणजे शरीरातलं मीठ-पाणी आणि रक्तदाब सांभाळणारी जोडी, यांचे अहवाल नंतर आले, दोन्ही कमी. हा धागा महत्त्वाचा आहे. काकूंच्या गोळीतली दोन्ही औषधं रेनिन वाढवणारी. तरीही ते दबलेलं असेल, तर शरीरात अल्डोस्टेरॉनचं काम दुसरंच कुणीतरी करतं आहे असा अर्थ होतो.

ते दुसरं कोण

ज्येष्ठमधाच्या गोडीचं मूळ ग्लिसराइझिन. आतड्यातले जीवाणू त्यापासून ग्लिसरेटिनिक आम्ल बनवतात. आपल्या मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) असतं. कॉर्टिसॉल हे संप्रेरक अल्डोस्टेरॉनच्या जागी जाऊन बसू नये म्हणून ते त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. ग्लिसरेटिनिक आम्ल या विकराला रोखतं. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटतं: मीठ आणि पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, रक्तदाब चढतो, पायात बळ राहत नाही. जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल, तर तीही पोटॅशियमच बाहेर टाकते. टेल्मिसार्टन उलट पोटॅशियम थोडं धरून ठेवतं. ते नसतं तर आकडा आणखी खाली गेला असता, असं मला वाटतं.

आता हिशेब. काक्कोन्तोच्या नेहमीच्या दिवसाच्या मात्रेत २ ग्रॅम ज्येष्ठमध, पण ते चारच दिवस. बाकुमोन्दोतोत २ ग्रॅम, चार आठवडे. काढ्यातली पूड दिवसाला अंदाजे ५ ग्रॅम, सहा आठवडे, कांडी वेगळीच. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने ज्येष्ठमधाच्या औषधांबद्दलची सावधगिरीची सूचना १९७८ मध्येच काढली होती, आणि दिवसाला २.५ ग्रॅम किंवा जास्त ज्येष्ठमध असलेली औषधं पोटॅशियम कमी असलेल्यांना देऊ नयेत हा नियम तेव्हापासूनचा. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये ग्लिसराइझिनची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम सुचवली. काकू वयस्कर, स्त्री, किरकोळ बांध्याच्या आणि लघवीच्या गोळीवर. ज्यांना हा त्रास होण्याचा धोका जास्त मानतात, त्या वर्णनात त्या जवळपास पूर्ण बसत होत्या.

चिनी काढ्याला दोष देणं मला मान्य नाही. त्यातले २ ग्रॅम एकटे असते, दोन आठवडेच असते, तर बहुधा काहीच झालं नसतं. काकूंच्या काढ्यालाही दोष नाही. ज्येष्ठमध घशाला आराम देतं हे पिढ्यान् पिढ्यांना ठाऊक आहे, आणि सर्दीत चार दिवस घेतलेल्या काढ्याने सहसा कुणाचं वाईट होत नाही. बिघडलं ते दोन ठिकाणी. एक, थांबायचं कधी हे कुणी ठरवलंच नाही. झांग झोंगजिंगच्या परंपरेत औषध दुखण्याचं रूप बदललं की बदलतं, ते महिनोन् महिने चालू ठेवायचं टॉनिक नव्हे. दोन, एकच मूळ दोन देशांच्या दोन शास्त्रांतून घरात आलं, आणि एका शास्त्राच्या माणसाला दुसऱ्या शास्त्राचा डबा दिसलाच नाही. आयुर्वेदाची यष्टिमधु आणि चिनी वैद्यकाचं गानत्साओ या एकाच कुळातल्या वनस्पती आहेत, त्यांतलं ग्लिसराइझिन सारखंच.

आपल्याकडच्या डॉक्टरांनीही यातून काही घ्यावं असं मला तळमळीने वाटतं. 'कुठली औषधं घेता' असं विचारलं तर आपल्या आया 'काही नाही' म्हणतात. 'सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जातं' असं विचारलं, तर काढा, कांडी, चूर्ण, च्यवनप्राश, सगळं बाहेर येतं.

उपचार आणि सध्याची स्थिती

ज्येष्ठमध असलेलं सगळं त्याच दिवशी बंद झालं. जोडगोळीच्या जागी एकटं टेल्मिसार्टन. पोटॅशियम तोंडावाटे, आणि हृदयाच्या आलेखामुळे दोन दिवस रुग्णालयात देखरेख. खर्च प्रवास विम्यातून निघाला. इथे घाई चालत नाही. ज्येष्ठमध थांबल्यावरही मूत्रपिंडातलं ते विकर पूर्ववत व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे पोटॅशियम द्यावं लागतं. पण जसा असर ओसरतो तसं, टेल्मिसार्टन चालू असल्याने, तेच पोटॅशियम जास्तही होऊ शकतं. म्हणून दर चार-पाच दिवसांनी तपासणी झाली. तिसऱ्या आठवड्यात आकडा ४.२ आला, घोट्यांची सूज गेली, रक्तदाब १३६ वर ८०. पोटऱ्यांतले गोळे त्याच्या आधीच थांबले होते.

खोकला? तो तोवर गेलेलाच होता. बाकुमोन्दोतो बंद केल्यावर परत आला नाही, म्हणजे शेवटचे दोन आठवडे ते घेण्याची गरजच नव्हती.

परतीच्या आधी औषधतज्ज्ञ बाईंनी काकूंसाठी एक वही करून दिली. मुलाने तीत मराठीत भर घातली: गोळीचं पूर्ण नाव घटकांसह, पोटॅशियमचे तारखेवार आकडे, आणि ज्येष्ठमधापुढे 'बंद'. आडुळशाचं सिरप आणायचं झालं तर बाटलीवर ज्येष्ठमध किंवा यष्टिमधु आहे का ते आधी वाचायचं. हळद, सुंठ, लवंग चालेल. पुढच्या हिवाळ्यात असाच खोकला झाला, तर डॉक्टरांना ही वही दाखवून बाकुमोन्दोतो घ्यायला हरकत नाही असं बाईंनी स्वतः लिहिलं आहे: जास्तीत जास्त दोन आठवडे, सोबत दुसरं काहीही ज्येष्ठमधाचं नको, आणि संपताना एकदा पोटॅशियम बघायचं.